तालमीचा फुटबॉल

सातारा-सांगलीत 'तालीम' म्हटली की आपल्याला लाल मातीचा आखाडा आठवतो. शेजारच्या कोल्हापुरात मात्र तालमींचेच फुटबॉल संघ झाले: पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. असं का? तालीम पेठेची होती. कुस्ती तिथं, गणेशोत्सवही तिथंच. फुटबॉल आला, तोही तिथंच रुजला. देशाच्या वरच्या साखळीत हे संघ नाहीत, तरी शाहू स्टेडियम भरतं. 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. आता प्रश्न असा, की खेळाडू बदलतात, बाहेरूनही आणले जातात. मग संघ 'तोच' कसा राहतो? आम्हाला वाटतं, पेठ त्याला आपला म्हणते म्हणून. पेठेनं ते म्हणणं सोडलं, तर नुसतं नाव उरेल.