ढोरदवणा की गाजरगवत? उपटण्यापूर्वी पान उलटे करा



गेल्या हंगामाआधी डोंगराकडच्या गावात ऊस नोंदी करताना एका सभासदाने आम्हांस साफ केलेला बांध दाखवला. "साहेब, सगळं गाजरगवत काढलं बघा." ढिगात पाहतो तो निम्म्याहून जास्त ढोरदवणा! आठ दिवसांनी परतीचा पाऊस झाला आणि बांधाची माती सरीत येऊन बसली.

चूक होण्यासारखीच आहे. दोन्ही झाडे सूर्यफूल-शेवंतीच्या कुळातली, दोहोंची पाने फाटलेली. परंतु गाजरगवत अमेरिका खंडातून आलेले, पुण्यात १९५५ च्या सुमारास नजरेस आले. ढोरदवणा मात्र आपल्या डोंगरांचाच. झुडपासारखा पुरुषभर वाढतो, जमिनीखालून फुटवे काढतो आणि वर्षानुवर्षे टिकतो. माती धरतो तो त्यामुळेच. गाजरगवताचे सोटमूळ ओलीवर सहज निघते.

पक्की खूण पानाखाली आहे. काडीने पान उलटे करा. ढोरदवण्याचे पान वरून हिरवे, खालून पांढुरके, लोकरीसारखे. गाजरगवताचे दोन्हीकडून सारखेच फिकट हिरवे. खालची बाजू पांढरी दिसली तरच पान चुरगाळून वास घ्या. जोतिबाला वाहतात त्या दवण्याची आठवण होईल. फुलांत तर गल्लत होऊच नये. गाजरगवताची फुले पांढरी, फ्लॉवरच्या गड्ड्याचे बारीक तुकडे विखुरल्यासारखी. ढोरदवण्याचे लांब तुरे, त्यांत तपकिरी-पिवळट, माना खाली घातलेले बारीक गेंद.

गाजरगवत फुलण्याआधीच उपटावे, हातात पिशवी घालून. एका झाडाला हजारो बी धरते, म्हणून फुललेले झाड उकिरड्यात टाकू नये, नाहीतर शेणखतातून तेच पुन्हा रानात येते. ज्या खुरपणाऱ्या बायांच्या हातांना याने खाज सुटते, त्यांना ढोरदवणाही हाताळू देऊ नये; एकाच कुळातल्या झाडांची बाधा एकमेकांना जोडून असते. हे आम्ही पूर्वी सांगत नव्हतो, ती आमची चूक.

ढोरदवणा उसाच्या सरीत शिरला तर जरूर काढा, तेथे त्याचे काम नाही. बांधावर राहू द्या. शंका वाटल्यास फुलासह एक फांदी वर्तमानपत्रात गुंडाळून गट ऑफिसात आणा. तोवर बांधावर तणनाशकाचा पंप चालवू नका.

— ऊस विकास अधिकारी