कचोरीचे चौदा रुपये आणि स्वतःची खतावणी

सतराव्या शतकाचे पहिले दशक सरत असताना जौनपूरच्या एका जवाहिऱ्याने आपल्या तरुण मुलास माल देऊन आग्र्यास पाठविले. मालात रत्ने होती, २० मण तूप होते, तेलाचे दोन बुधले होते आणि २०० रुपयांचे जौनपुरी कापड होते. यातील काही भांडवल उसने घेतलेले होते. मुलगा हुशार होता, कवी होता; परंतु आग्र्याच्या बाजाराचा अनुभव त्यास नव्हता. काही रत्ने त्याने विजारीच्या नाडीत बांधून ठेविली; ती नाडी तुटली आणि रत्ने गेली. फडक्यात बांधलेली माणके उंदराने पळविली. उरलेला माल आतबट्ट्याने विकला गेला आणि आलेला पैसा खाण्यापिण्यात संपला. अखेर हा रत्नपारख्याचा मुलगा एका कचोरीवाल्याच्या दुकानातून उधारीवर जेवू लागला.

काही दिवसांनी त्याने आपण होऊन कचोरीवाल्यास एकीकडे नेले आणि स्पष्ट सांगितले की, आपल्यापाशी पैसा नाही, पुढे उधार द्यावयाचे की नाही ते तुम्हीच ठरवा. कचोरीवाल्याने २० रुपयांपर्यंत खुशाल खावे असे उत्तर दिले. रात्री तो तरुण ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ ही काव्ये वाचून दाखवी. दहावीस माणसे ऐकावयास जमत आणि त्यांत तो कचोरीवालाही असे. सहासात महिन्यांनी हिशेब झाला तेव्हा १४ रुपये निघाले, आणि ते फेडले गेले.

हा तरुण म्हणजे पुढे ‘समयसार नाटक’ रचणारे कविवर बनारसीदास. श्रीमाळ कुळात १५८६ साली त्यांचा जन्म झाला. १६४१ मध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी, त्यांनी आग्र्यात ‘अर्धकथानक’ हे ६७५ पद्यांचे आत्मचरित्र लिहिले. मनुष्याचे पूर्ण आयुष्य ११० वर्षांचे मानून त्यांनी आपल्या पूर्वार्धाची ही कथा सांगितली, म्हणून ग्रंथाचे नाव ‘अर्ध’कथानक. पंडित नाथूराम प्रेमी यांनी १९४३ मध्ये मुंबईतून, आपल्या हिंदी ग्रंथ रत्नाकर संस्थेतर्फे, तो प्रसिद्ध केला. अध्यात्माचे अभ्यासक त्याकडे अध्यात्मासाठी वळतात, भाषेचे अभ्यासक भाषेसाठी. मात्र जमाखर्च लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या आणि त्यावर सही करणाऱ्या माणसाने तो अजून पुरेसा वाचलेला नाही. वास्तविक त्याच्याइतका हा ग्रंथ दुसऱ्या कोणाच्या कामाचा क्वचितच असेल.

ग्रंथाच्या अखेरीस बनारसीदासांनी स्वतःच्या गुणदोषांची यादी दिली आहे. आधी गुण: देशभाषेतील काव्यरचना, काव्यपठणाची हातोटी, क्षमा, संतोष, अध्यात्मातील गती. त्यानंतर, तितक्याच शांतपणे, दोष. राग, अभिमान आणि कपट आपल्या ठायी फार काळ टिकत नाहीत, पण पैशाचा मोह मात्र घट्ट आहे, असे ते लिहितात. थोडा लाभ झाला की फार हर्ष होतो, थोडे नुकसान झाले की फार चिंता लागते. जपतप आणि संयम यांत मन रमत नाही. घर सोडवत नाही. चारचौघांत खोट्या गोष्टी रंगवून सांगण्याची खोड आहे. एकांत मिळाला की नाचू लागतो, आणि एकाएकी भीती दाटून येते. हे सारे लिहिणारा गृहस्थ त्या काळी समाजात विद्वान म्हणून मान्य झालेला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या नोंदींचे मोल कळते.

हिशेबनिसाच्या दृष्टीने या यादीतील महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिची मांडणी. बनारसीदासांनी गुणांतून दोष वजा करून निव्वळ बाकी काढलेली नाही. दोन्ही बाजू पूर्ण रकमेने उभ्या आहेत. लेखाशास्त्राचाही दंडक हाच. एका गिऱ्हाइकाकडून येणे असलेली रक्कम आणि दुसऱ्या व्यापाऱ्यास देणे असलेली रक्कम परस्पर वजा करून ताळेबंदात एकच आकडा दाखविता येत नाही. तसे केल्यास धंद्याची खरी स्थिती झाकली जाते. पेढीवर हा नियम कसोशीने पाळणारा मनुष्य स्वतःच्या बाबतीत मात्र सर्रास वजावट करतो. मुनिमाचा पगार वेळेवर दिला नाही, पण पर्युषणात मोठा चढावा बोलला. घरात कोणाशी धड बोलणे नाही, पण पांजरपोळास देणगी आहे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास ‘भरपाईची चूक’ शिकवितात. एका खात्यातील चूक दुसऱ्या खात्यातील चुकीने भरून निघते आणि तेरीज बिनचूक जुळते. तेरीज जुळल्याचे समाधान ज्यास लवकर होते, त्याच्या हातून हीच चूक सर्वांत जास्त काळ सुटून राहते.

आत्मसुधारणेची पुस्तके व व्याख्याने आज विपुल आहेत. पहाटे उठावे, ध्येये लिहावीत, वेळेचे नियोजन करावे. हे सारे योग्यच आहे. परंतु लेखापालाच्या व्यवसायातील घसरण आळसातून क्वचितच होते. ती एका सहीतून होते. मार्चअखेरीस जुना अशील, बहुधा नात्यातलाच, कागद पुढे करतो. बँकेला दाखविण्यापुरता साठा थोडा वाढवून दाखवावयाचा असतो आणि माल प्रत्यक्ष पाहावयास वेळ नसतो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘कूटलेखक्रिया’ म्हणजे खोटा लेख करणे हा एक आहे. त्याला लागूनच ‘न्यासापहार’ येतो, आणि त्याचे टीकाकारांनी केलेले विवरण व्यापाऱ्याने दोनदा वाचावे असे आहे. ठेव ठेवणारा रक्कम विसरला, त्याने कमी मागितली, आणि ठेव सांभाळणाऱ्याने ‘होय, तेवढीच होती’ म्हणून कमी परत केली, तर तो अतिचार होय. येथे चोरी झालेली दिसत नाही, कोणी तक्रारही करीत नाही. देणेकऱ्याच्या खात्यावर वर्षानुवर्षे पडून असलेली आणि मागणीच न आल्याने एके दिवशी मुकाट्याने नफ्यात वळविलेली रक्कम कोणत्या सदरात मोडते, याचा विचार प्रत्येक पेढीने स्वतःशी करावयाचा आहे.

बनारसीदासांच्या धंद्याच्या नोंदीही अशाच उघड्या आहेत. कचोरीच्या दिवसांनंतर त्यांनी आग्र्यात धरमदास नावाच्या तरुणाबरोबर ५०० रुपयांच्या भांडवलावर भागीदारी केली. दोन वर्षे खपून हिशेब केला तेव्हा मिळकत २०० रुपये निघाली आणि खाण्याचा खर्चही २०० रुपयेच निघाला. शिल्लक शून्य. आजही अनेक घरांत दुकानाच्या गल्ल्यातून घरखर्च उचलला जातो आणि ती उचल कोठेच लिहिली जात नाही. वर्षाअखेरीस ‘धंद्यात राम राहिला नाही’ असे म्हटले जाते; धंद्याने मात्र त्या घराचे पोट भरलेले असते, मुलांचे शिक्षण केलेले असते. उचल महिन्याच्या महिन्याला लिहून ठेवणे ही साधी सवय मुलास पेढीवर बसविताना पहिल्याच आठवड्यात लावावयास हवी. बापाने स्वतः ती पाळली, तरच ती लागते.

याहून बोचणारा प्रसंग सबलसिंह मोठिया यांचा. या धनाढ्य सावकाराकडे भागीदारीचा हिशेब मिटविण्यासाठी बनारसीदास हवेलीत पुनःपुन्हा जात राहिले. तेथे गाणे-बजावणे चाललेले, भाट-कवी स्तुती करीत बसलेले. आज नाही, उद्या पाहू, हेच उत्तर. ज्यास सूर्य कधी उगवला आणि कधी मावळला हे कळत नाही, त्यास दाराशी बसलेल्याचे दिवस कसे मोजता यावेत! शेवटी अंगा शाह या त्यांच्या नातलगाने मध्यस्थी केली, तेव्हा हिशेब मिटला आणि दोन्ही बाजूंनी फारखत लिहिली गेली.

गरजवंतास दाराशी ताटकळत ठेवण्याची ही रीत सरली असे कोणी म्हणणार नाही. म्हणूनच २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकर कायद्याने उत्पादन करणाऱ्या व सेवा देणाऱ्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे देणे १५ दिवसांत, लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, न दिल्यास त्या वर्षी तो खर्च वजावटीस नाकारला. रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत वजावट नाही. तरतूद आली तेव्हा कापड बाजारात मोठी खळबळ उडाली, माल परत गेल्याच्या तक्रारी झाल्या. त्या वर्षी अनेक सल्लागारांनी अशिलास वाट काढून दिली. काहींनी मात्र देणेकऱ्यांची यादी पुढ्यात ठेवून विचारले की, यातील कोणाचे पैसे अडचणीमुळे राहिले आहेत आणि कोणाचे केवळ तो मागू शकत नाही म्हणून? हा प्रश्न विचारण्याचे शुल्क कोणी देत नाही. उलट अशील दुरावण्याचा धोका असतो, आणि तरुण सनदी लेखापालास हा धोका परवडतोच असे नाही. कार्यालयाचे भाडे आणि घराचा हप्ता त्यालाही चुकलेला नसतो. तरीही त्याच्या व्यवसायाची उंची अखेर अशा प्रश्नांवरच ठरते.

कंपन्यांच्या हिशेबासाठी १ एप्रिल २०२३ पासून आणखी एक बंधन आले. संगणकावरील जमाखर्चात कोणती नोंद कधी बदलली, याची खूण आपोआप राहावी आणि ती पुसता येऊ नये. पूर्वीच्या वहीत खाडाखोड दिसत असे. मधल्या काळात संगणकाने ती अदृश्य केली होती, ती आता पुन्हा दिसू लागली. बनारसीदासांनी आपल्या आयुष्याची वही अशीच खाडाखोडीसह ठेविली. तारुण्यात रचलेले हजार पद्यांचे शृंगारकाव्य त्यांनी पश्चात्तापाने गोमती नदीत सोडून दिले; पण ते लिहिले होते आणि नंतर बुडविले, या दोन्ही गोष्टी आत्मचरित्रात नोंदविल्या. एका संन्याशाने दिलेला मंत्र वर्षभर गुप्तपणे जपल्यास रोज दाराशी एक दीनार सापडेल, या आशेने त्यांनी वर्षभर जप केला आणि काहीच हाती आले नाही, हेही त्यांनी लपविले नाही. नऊ अपत्ये झाली आणि नऊही गेली. त्या दुःखाची नोंदही मोजक्या शब्दांत आहे.

ग्रंथ पूर्ण झाला तेव्हा त्यांच्या हिशेबाने ५५ वर्षे शिल्लक होती. त्यानंतर ते फार वर्षे जगले नाहीत, असे अभ्यासक मानतात. उत्तरार्ध लिहिला गेला नाही.