इंजिन बदलले, पण गाडी बदलली का?

छोट्या गाडीत मोठे इंजिन बसवून द्या, अशी मागणी घेऊन तरुण गिऱ्हाईक गॅरेजच्या दारात उभे राहते. मोबाइलवर परदेशातल्या एखाद्या गाडीची चित्रफीत तयारच असते. आमच्या वाचकांत मिस्त्री, स्पेअर पार्टचे दुकानदार आणि जुन्या गाड्यांचा धंदा करणारे बरेच आहेत. हे काम नेमके काय असते, त्यात पैसा कुठे जातो आणि कारागीर कुठे अडकतो, याचा हिशेब आज आम्ही त्यांच्यापुढे मांडत आहोत.

मागचे दार वर उघडणारी छोटी गाडी म्हणजे हॅचबॅक. तिलाच कंपनीने तेज इंजिन आणि घट्ट सस्पेन्शन दिले की युरोपात तिला ‘हॉट हॅच’ म्हणतात. १९७६ साली विक्रीस आलेल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयने ही जात लोकप्रिय केली. फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने १९८४ मध्ये २०५ जीटीआय आणली. तिचे इंजिन १५८० सीसीचे, ताकद १०५ हॉर्सपॉवर आणि गाडीचे वजन सुमारे साडेआठशे किलो. पुढे १९०५ सीसीचे, १३० हॉर्सपॉवरचे मॉडेलही निघाले.

याच कंपनीची ४०५ ही मोठी गाडी होती. तिच्या एमआय-१६ मॉडेलमध्ये सोळा व्हॉल्व्हचे १९०५ सीसी इंजिन १६० हॉर्सपॉवर देत असे. ४०५ जुन्या होऊन भंगारात येऊ लागल्या, तशी त्यांची इंजिने काढून २०५ मध्ये बसवण्याचे काम ब्रिटन आणि फ्रान्समधील गॅरेजांत जोरात चालू झाले. इंजिन बदलण्याचे हे फार प्रसिद्ध उदाहरण आहे, म्हणून तेच समजून घेऊ.

हेच इंजिन का?

दोन्ही इंजिने एकाच घराण्यातली. ब्लॉकची ठेवण सारखी, गिअरबॉक्सची जातही एकच. त्यामुळे फाउंडेशन नव्याने घडवण्याची किंवा चेसिस कापण्याची फारशी गरज पडत नाही. पहिला धडा इथेच मिळतो. जाणता कारागीर सर्वांत ताकदीचे इंजिन शोधत बसत नाही, तर त्या गाडीच्या घराण्यातले इंजिन शोधतो. परके इंजिन स्वस्तात मिळाले तरी फाउंडेशन, अॅक्सल आणि गिअरबॉक्स जुळवताना वाचलेले पैसे दुपटीने जातात.

हिशेब पाहा. १०५ वरून १६० म्हणजे ताकद ५२ टक्क्यांनी वाढली. आधी एका हॉर्सपॉवरला सुमारे आठ किलो वजन ओढावे लागत होते, आता सहा किलोहून कमी. गाडी उसळी घेऊन पळते. गिऱ्हाइकाला हवे असते ते एवढेच, आणि मिस्त्रीचे खरे काम सुरू होते ते इथून.

इंजिन बसल्यावर उरलेले काम

पहिले, वायरिंग. २०५ मध्ये पेट्रोल फवारण्याची आणि ठिणगीची व्यवस्था वेगवेगळी होती. एमआय-१६ मध्ये दोन्ही कामे बॉश कंपनीचा एकच ईसीएम करतो. म्हणून इंजिनासोबत त्याचा ईसीएम, सगळे सेन्सर आणि पूर्ण वायरिंग घ्यावे लागते. वायरी कापून आणलेले इंजिन स्वस्त मिळते, पण त्यातला दोष शोधण्यात आठवडे जातात.

दुसरे, तेल. वेगात लांब वळण घेताना या इंजिनाच्या चेंबरमधले तेल एका बाजूला सरकते, पंपाची जाळी उघडी पडते आणि बिग एंड बेअरिंग जळते. या इंजिनाची ही ओळखीची खोड आहे. म्हणून समजदार कारागीर चेंबरमध्ये तेल अडवणाऱ्या पट्ट्या बसवतात.

तिसरे, टायमिंग बेल्ट. तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. भंगारातून आणलेल्या इंजिनाचा बेल्ट किती चालला आहे हे सांगणारा कोणी नसतो. इंजिन बाहेर आहे तोवर बेल्ट, पाण्याचा पंप, सगळी ऑइल सील आणि क्लच प्लेट नवी टाकावी. तेव्हा ती स्वस्तात पडतात. तसेच जास्त ताकद म्हणजे जास्त उष्णता, म्हणून रेडिएटर मजबूत हवा.

चौथे आणि सर्वांत मोठे, ब्रेक. वेग ताशी १०० वरून १२० किलोमीटर झाला तर वाढ दिसते वीस टक्के, पण गाडी थांबवताना ब्रेकने जिरवायची ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते. कंपनीने स्वतः १.६ चे १.९ केले तेव्हा मागचे ड्रम काढून डिस्क दिल्या आणि चाकेही १४ इंचांवरून १५ इंचांवर नेली. कंपनीला जे करावे लागले ते गॅरेजवाल्याला टाळता येईल का? ब्रेक न बदलता इंजिन बदलून देणारा मिस्त्री गिऱ्हाइकाला अर्धी गाडी देत असतो, आणि उरलेल्या अर्ध्यात माणसाचा जीव असतो.

कागद काय म्हणतात

ब्रिटनमध्ये इंजिन बदलले की त्याची नोंद गाडीच्या कागदावर करावी लागते आणि विमा कंपनीलाही कळवावे लागते. आपल्याकडे कायदा याहून कडक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

मिस्त्री बांधवांनी पुढची गोष्ट नीट वाचावी. कायद्यातल्या ‘डीलर’ या शब्दाच्या व्याख्येत गाड्यांची दुरुस्ती करणाराही येतो. बांधणीचे नियम मोडून गाडीत बदल करणाऱ्या डीलरला कलम १८२-अ खाली एक वर्षापर्यंत कैद, किंवा गाडीमागे एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. अपघात झाला तर विमा कंपनी गाडीची भरपाई नाकारू शकते, ते वेगळेच.

मग या हुनराला आपल्याकडे वावच नाही का? आहे. मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवून आरसी बुकात नोंद करणे कायदेशीर आहे. खराब इंजिनाच्या जागी त्याच बनावटीचे आणि त्याच जातीचे इंजिन आरटीओच्या परवानगीने बसवून नवा क्रमांक नोंदवता येतो. बंद ट्रॅकवरच्या शर्यतीसाठी, आयोजकांच्या नियमांत राहून गाड्या तयार करणे हाही एक धंदा आहे. वर सांगितलेले ज्ञान या तिन्ही ठिकाणी कामास येते.

आमचे सांगणे थोडक्यात असे. जुने इंजिन घेताना बिल घ्या आणि त्यावर इंजिन क्रमांक लिहून घ्या, नाहीतर चोरीचा माल गळ्यात पडेल. एस्टिमेट देताना इंजिनाची किंमत एकटी सांगू नका. ब्रेक, रेडिएटर, वायरिंग आणि मजुरी धरून पूर्ण आकडा लेखी द्या. आकडा ऐकून गिऱ्हाईक परत गेले तर जाऊ द्या. आणि रस्त्यावरच्या गाडीत कायद्याबाहेरचे इंजिन बसवायला कोणी आले तर साफ नाही म्हणा. एका कामाची मजुरी बुडेल, पण दुकानाची पाटी वर्षानुवर्षे टिकेल.