टीव्ही अडकतो म्हणून प्लॅन वाढवू नका

सामना रंगात आला की नेमकं चित्र थांबतं आणि घरात कोणीतरी म्हणतं, 'शंभर एमबीपीएसचा प्लॅन पुरत नाही, तीनशेचा घेऊ.' हा खर्च बरेचदा वायाच जातो. नेटफ्लिक्स स्वतः सांगतं की फुल एचडीला ५ एमबीपीएस आणि फोर-केला १५ एमबीपीएस वेग लागतो. शंभरच्या प्लॅनवर घरातले दोन-तीन टीव्ही आरामात चालावेत. अडचण असते ती राउटर ते टीव्ही या शेवटच्या टप्प्यात.

पुण्यातल्या पेठांमधल्या वाड्यांच्या जाड भिंती वायफाय अडवतात, हे सगळ्यांनाच पटतं. 'आमचा फ्लॅट नवा, भिंती पातळ, आम्हाला काय त्रास?' हा समज मात्र चुकीचा आहे. शहरालगतच्या बऱ्याच नव्या टॉवरमध्ये मायवान पद्धतीचं बांधकाम असतं. तिथे विटा नसतात. अख्खी भिंत काँक्रीटची आणि आत लोखंडी सळ्यांची जाळी. विटांच्या साध्या भिंतीपेक्षा अशी भिंत वायफायला जास्त अडवते. त्यात फायबरची वायर दारातून येते म्हणून राउटर चपलांच्या कपाटात कोंबलेला! तो आधी बाहेर काढून उंचावर ठेवा. याला पैसे लागत नाहीत.

वायफायच्या नावापुढे दिसणारं 'फाइव्ह-जी' हे मोबाइलचं फाइव्ह-जी नव्हे. ती ५ गिगाहर्ट्झची लहर. वेग भरपूर, पण भिंतीपलीकडे ती लवकर क्षीण होते. २.४ गिगाहर्ट्झची लहर लांब पोचते, मात्र तिच्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. सोसायटीतले सगळे राउटर त्यांतच दाटीवाटीने बसतात. म्हणून टीव्ही आणि राउटर एकाच खोलीत असतील तर ५ निवडा.

खोल्या वेगळ्या असतील तर सरळ लॅन केबल टाका. इथे आणखी एक गैरसमज आडवा येतो. केबल लावून टीव्हीवर स्पीड तपासला की आकडा ९५च्या आसपास अडकतो आणि लोक केबलला नावं ठेवतात. खरं तर बहुतेक स्मार्ट टीव्हींचा लॅन पोर्टच १०० एमबीपीएसचा असतो. वायफायवर आकडा मोठा दिसेलही, पण तो खालीवर होत राहतो. केबलवरचा टिकून राहतो, आणि सिनेमा न अडकता दिसायला तेच हवं. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत केबल घ्यायला गेलात तर आतली एक तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरट दिसलं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार. भिंतीतल्या पाइपातून कायमची टाकायची असेल तर पूर्ण तांब्याचीच कॅट-६ घ्या.

'फोनवरून टीव्हीवर कास्ट होत नाही, म्हणजे टीव्ही बिघडला' हे निदानही घाईचं. पुष्कळ घरांत कंपनीने दिलेला डबा वायफाय देतो आणि त्याला जोडलेला स्वतःचा राउटरही वायफाय देतो. फोन एकावर, टीव्ही दुसऱ्यावर असला की दोघं एकमेकांना दिसतच नाहीत. टीव्ही गेस्ट नेटवर्कवर असेल तरीही हेच होतं. दोन्ही एकाच नेटवर्कवर आणा, किंवा डब्याचं वायफाय बंद करून फक्त राउटरचं चालू ठेवा.

आणि इंटरनेट गेलं म्हणून घरातलं नेटवर्क बंद पडत नाही. राउटर चालू असेल तर लॅपटॉपवर साठवलेले लग्नाचे व्हिडिओ मीडिया सर्व्हर सॉफ्टवेअरमार्फत टीव्हीवर तेव्हाही बघता येतात.