बिनखिळ्याची वहाण

आमच्या बोरीत वहाणेचं माप द्यायला कुणी आलं की आबा त्याला आधी पाय धुवायला लावायचे आणि ओल्या पायानं शहाबादी फरशीवर उभं करायचे. माणूस बाजूला झाला की फरशीवर पाण्याचा तळवा उरायचा. तो वाळायच्या आत आबांचं बघून झालेलं असायचं. मधली कमान कोरडी राहिली की सगळा पाय सपाट उमटला, करंगळीकडची कड जास्त ओली आहे का, अंगठा कुठं वळलाय. मग दुसरा पाय. माणसाचे दोन पाय कधी सारखे नसतात आणि एका पायाच्या मापावर जोडी शिवणं म्हणजे गिऱ्हाईकाला फसवणं, असं त्यांचं ठाम मत होतं.

बोरी हे जिंतूर तालुक्यातलं, परभणी-जिंतूर रस्त्यावरचं गाव. जमीन काळी, बांधावर बोरी-बाभळी. बाजाराच्या दिवशी आसपासच्या वाड्या-तांड्यांवरची माणसं आमच्या ओट्यावर यायची. कागदावर पाय ठेवून भोवती पेन्सिल फिरवणं सगळेच करतात. आबांच्या दोन गोष्टी मात्र वेगळ्या होत्या. बसलेल्या माणसाचं माप ते घेत नसत, कारण अंगाचा भार पडला की पाय लांबतो आणि पसरतो. आणि सकाळी आलेल्याला ते सांगायचे, ‘आधी बाजार करून या. दिवस कलल्यावर माप घेतो.’ दिवसभर चालून पाय थोडा फुगतो. सकाळच्या मापाची वहाण संध्याकाळी चावते.

पुढचं काम गिऱ्हाईकाचं असायचं. नवी वहाण घालून गावातून एक फेरी मारायची आणि कुठं चावतं ते येऊन सांगायचं. आबा तिथली वादी सैल करायचे, कातडं ओलं करून फरम्यावर ताणायचे, रापीनं कड तासायचे. दोन-तीन फेऱ्यांत वहाण पायाला बसायची. ‘चावते’ या एका शब्दावर आमचा अर्धा धंदा उभा होता. हे मला कळलं ते बोरी सोडून कुष्ठरोग्यांच्या पादत्राणांच्या एका कार्यशाळेत कामाला लागल्यावर. तिथं माझी पंचवीसहून जास्त वर्षं गेली. हा शब्द बोलू न शकणाऱ्या पायांसाठी मी तिथं चपला केल्या.

पहिली गोष्ट माझ्या चुकीची आहे. कामाला लागून महिनाही झाला नव्हता. साठीच्या एक मावशी आल्या. डाव्या पायाची दोन बोटं झिजलेली, तळव्याला जुन्या जखमेचा वण. मी चप्पल केली, त्यांच्या पायात घातली, अंगणात दोन चकरा मारायला लावल्या. ‘कशी बसली, मावशी?’ ‘लई चांगली बसली, लेकरा.’ मला फार बरं वाटलं. चार दिवसांनी त्या परत आल्या, त्याही बक्कल सैल झालं एवढ्याच कामासाठी. चप्पल हातात घेतली तर टाचेजवळचं रबर काळपट लाल. घाईत मारलेला एक बारीक खिळा वर आला होता आणि मावशी चार दिवस त्याच्यावरून चालत होत्या. मी विचारलं, ‘दुखलं नाही का हो?’ त्या म्हणाल्या, ‘मला काय कळतंय बाबा त्या पायाचं.’

ती जखम भरायला दोन महिने लागले. ड्रेसिंगच्या खोलीत मी रोज जाऊन उभा राहायचो. त्यानंतर माझ्या हातून एकाही चपलेत खिळा गेला नाही.

घोट्याच्या आतल्या हाडामागून एक नस खाली उतरते. तळव्याची जाणीव तिच्यावर अवलंबून असते. नॉर्वेच्या हॅन्सनना 1873 मध्ये दिसलेल्या कुष्ठरोगाच्या जंतूला नसाच प्रिय. ती नस गेली की तळव्याला काटा, चटका, खडा काही कळत नाही. रोगानं मांस सडतं आणि बोटं झडतात अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या होती. ती खोटी ठरवण्यात मोठा वाटा डॉ. पॉल ब्रँड यांचा. त्यांचा जन्म 1914 साली तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातला. 1946 मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. बधिर पायाच्या जखमा दाबामुळे होतात आणि तसंच चालत राहिल्यामुळे चिघळतात, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. तुमच्या-माझ्या पायाला फोड आला की आपण आपसूक लंगडतो. बधिर पायाचा माणूस लंगडत नाही, फोडावर पूर्ण भार देऊन चालतो.

ब्रँडसाहेबांचा एक किस्सा आमच्या कार्यशाळेत नव्या माणसाला सांगायचा प्रघातच होता. ते एकदा लांबचा प्रवास करून लंडनला पोचले. रात्री मोजे काढताना त्यांच्या लक्षात आलं की टाचेला स्पर्शच कळत नाही. टाचणी टोचून पाहिली, रक्त आलं, पण दुखलं नाही. आयुष्य कुष्ठरोग्यांत घालवलेला माणूस. त्यांनी समजायचं ते समजलं आणि रात्र जागून काढली. सकाळी पुन्हा टाचणी टोचली तर ते कळवळून ओरडले, आणि त्या दुखण्यानं त्यांना कधी झाला नसेल एवढा आनंद झाला. प्रवासात एकाच स्थितीत बसून नस दबली होती, एवढंच.

अशा बधिर पायांसाठी दक्षिणेत वेल्लोरला आणि 1955 पासून कारिगिरीला बरेच प्रयोग झाले. लाकडी खडावा झाल्या, प्लास्टरचे साचे झाले, प्लास्टिकचे तळ झाले. शेवटी हाताशी राहिलं ते मायक्रोसेल्युलर रबर, आमच्या बोलीत एमसीआर. आत हवेचे अतिसूक्ष्म कप्पे असलेलं हे रबर भार पसरवतं. शीट आली की मी आधी कड चिमटीत दाबून बघायचो. दाबल्यावर जाडी निम्मी झाली पाहिजे आणि सोडल्यावर झटकन मूळपदावर आली पाहिजे. दगडासारखं कडक असेल तर शीट परत. नुसतं मऊ, दाबलं की दबूनच राहणारं असेल तरी परत. खालून मात्र टणक तळ हवाच, नाहीतर बाभळीचा काटा थेट तळव्यात. सगळं दोऱ्यानं आणि सोल्युशननं जोडायचं. टाचेमागं पट्टा हवाच, कारण बोटांनी चप्पल धरून ठेवायची ताकद या पायांत नसते.

माप घेण्याची तऱ्हाही बदलली. डोळे मिटायला सांगून तळव्यावर बॉलपेनचं टोक हलकं टेकवायचं आणि कुठं कळतं, कुठं नाही ते कागदावर खुणा करत जायचं. पायाचा नकाशाच तयार होतो. मग शाई लावलेल्या रबरी चटईवर उभं करून ठसा घ्यायचा. जिथं ठसा गडद, तिथं दाब जास्त. आबांची ओली फरशी मला इथं रोज आठवायची. बोटांच्या मुळाशी दाब जास्त असला की तिथं गादी द्यावी असं कुणालाही वाटेल. पण गादी द्यायची ती तिथल्या हाडांच्या जरा मागं, म्हणजे भार मागं सरकतो. ही दोन बोटांची जागा चुकली तर उपाय घातकच ठरतो.

वाकडातिकडा पाय असला की प्लास्टरचा साचा घ्यावा लागे. प्लास्टर घट्ट होताना तापतं. शाबूत पायाचा माणूस ‘गरम लागतंय’ म्हणतो. इथं ते कोण म्हणणार? म्हणून साचा सुकेपर्यंत मी माझा तळहात त्यावर ठेवून बसायचो.

बाहेरच्यांना सहसा माहीत नसलेली एक गोष्ट सांगतो. बधिर पायाच्या माणसाला आवडीची चप्पल निवडू दिली तर तो हमखास घट्ट निवडतो. बरोबर मापाची त्याला पायात असल्यासारखीच वाटत नाही, आवळलेली तेवढी जाणवते. एक काका माझ्याशी यावरून भांडायचे. ‘ढिल्ली केलीस. पायात राहत नाही.’ मी रागावलो नाही. नवी चप्पल पहिल्या दिवशी अर्धा तास घालायला लावली, काढून दोन्ही तळव्यांवरून हाताची पालथी बाजू फिरवली. जिथं चप्पल लागते तिथं कातडी बाकीच्या पायापेक्षा गरम लागते. त्यांच्या जुन्या घट्ट चपलेनं करंगळीच्या मुळाशी ऊन-ऊन ठिपका केला होता. नव्या चपलेनं तिथं काहीच झालं नव्हतं. काकांच्या पायाला हे कळणार नव्हतं, हाताला कळलं. त्यांचाच हात धरून मी तो फरक त्यांना दाखवला.

पण हात शाबूत असेल तरच हे जमतं. मराठवाड्यातल्या एका आजींचे दोन्ही हातही बधिर होते. एका पावसाळ्यात त्यांच्या चपलेची वेल्क्रो पट्टी काळ्या चिखलानं भरली आणि धरेनाशी झाली. आमची काळी माती कशी चिकटते ते सोयाबीनच्या रानात चाललेल्यालाच ठाऊक. मी पट्टी काढून बक्कल लावून दिलं आणि निघताना रोजचं सांगणं सांगितलं की घालायच्या आधी चप्पल झटका, आत हात फिरवा. आजींनी हात पुढं केले आणि नुसत्या माझ्याकडं बघत राहिल्या. मी मनात चरकलो. तेवढ्यात त्यांची सात-आठ वर्षांची नात पुढं झाली. ‘मी बघते की रोज.’ पुढच्या खेपेला त्या पोरीनं फ्रॉकच्या खिशातून कागदाची पुडी काढली. आत चपलेतून काढलेले बाभळीचे तीन काटे होते. तिनं ते मला दाखवायला जपून ठेवले होते.

लाजेचा प्रश्न याहून अवघड. काळ्या रबराची, रुंद पट्ट्यांची ती चप्पल लांबून ओळखू यायची. रोग बरा झालेला, 1980 च्या दशकात आलेल्या बहुविध औषधोपचारानं जंतू संपलेला, तरी चप्पल बघून माणसं सरकून बसायची. एक ताई लेकीच्या लग्नात आमची चप्पल घरी ठेवून साधी स्लीपर घालून मिरवल्या आणि तळव्याला मोठी जखम घेऊन आल्या. मी बोलायच्या आधीच रडायला लागल्या. त्या दिवसापासून मी चामड्याचे रंगीत पट्टे, वर वेणी, कडेला नक्षी असं करू लागलो. आत एमसीआर तेच, बांधणी तीच, वरून कोल्हापुरीच्या घराण्यातली वाटावी अशी. वरिष्ठांनी ‘वेळ लागतो’ म्हणून कुरकुर केली. मला ते पटलं नाही आणि आजही पटत नाही. जी चप्पल खुंटीला टांगून ठेवली जाते तिचं माप कितीही अचूक असलं तरी ती पायाच्या कामाची नाही.

मागं भाचा गुलमर्गला स्कीइंग शिकून आला. त्यानं बुटाचा व्हिडिओ दाखवला. प्लास्टिकचं टणक कवच, आत मऊ अस्तर. बसवणारा आधी अस्तर बाहेर काढतो, नुसत्या कवचात पाय घालून बोटं पुढं टेकवतो आणि टाचेमागं किती बोटं मावतात ते बघतो. मग अस्तर गरम करून पायावर बसवतो, घोट्याचं हाड घासत असेल तर कवच तापवून तेवढंच बाहेर फुगवतो. मी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. टाचेमागं बोट घालून बघणं आबांचंच. तिथंही शेवटी बूट घातलेल्याला विचारतात, कुठं लागतंय?

आता मी बोरीत परतलोय. ओटा तोच आहे, फरशी तीच. कुष्ठरोग्यांपेक्षा मधुमेहाची माणसं जास्त येतात. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही असल्याचा अंदाज आहे. त्यांच्यातल्या अनेकांचे पाय हळूहळू तसेच मुके होत जातात आणि त्यांना कुणी काही सांगितलेलं नसतं. परवा एक निवृत्त गुरुजी आले. त्यांच्या बुटात पोराच्या खेळण्यातली गोटी निघाली. गुरुजी सकाळपासून ती घेऊन हिंडत होते.

घरात कुणाला साखर असेल तर आज रात्री त्यांचा पाय मांडीवर घेऊन तळवा नीट बघा. बोटांच्या बेचक्या बघा. त्यांच्या चपलेत तुमचा हात घालून बघा. कातडी कुठं लाल किंवा गरम लागली, घट्टा दिसला, तर डॉक्टरांना दाखवा आणि ती चप्पल पुन्हा घालू देऊ नका. माप द्यायला आमच्याकडं येणार असाल तर दिवस कलल्यावर या, आणि जुनी चप्पल सोबत आणा.