सत्रारंभ आणि हुतूतूचे मैदान

चंद्रपूर व गडचिरोली ह्या जिल्ह्यांतील प्राथमिक शाळा उन्हाळ्याच्या प्रखरतेमुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा काहीशा उशिरा, जूनच्या उत्तरार्धात उघडतात. पटावर नावे चढतात, पुस्तके वाटली जातात. आणि पाऊस चांगला लागून धानाची रोवणी सुरू झाली की वर्गातील जागा रिकाम्या दिसू लागतात. मोठी मुले बांधीत जातात, त्यांच्याहून लहान असलेली घरी तान्ह्या भावंडांस सांभाळतात. शाळा उघडल्यापासून रोवणीपर्यंतचे दिवस थोडे असतात. तेवढ्यात मुलास शाळा आपली वाटली, तर रोवणी आटोपल्यावर ते आपण होऊन परत येते. तशी ती न वाटल्यास शिक्षकास घरोघर फिरावे लागते, आणि त्यानेही दर वेळी कार्य साधतेच असे नाही.

ह्या दोन्ही जिल्ह्यांत, विशेषतः भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची, जिवती ह्या तालुक्यांत, अनेक मुलांची घरची भाषा गोंडी किंवा माडिया असते. गोंडी ही तेलुगूच्या कुळातील द्रविड भाषा होय. मराठीशी तिचे कुळाचे नाते नाही. गोंडीत तीनला मुंद व चारला नालुंग म्हणतात. असे मूल पहिल्या दिवशी मराठी पाठ ऐकत मुकाट बसते आणि ते मंद आहे असा समज सहज होतो. हा समज एकदा रुजला की वर्षभर त्या मुलाच्या मानेवर बसतो. वर्गातील पहिल्या आठवड्यावरून कोणाही मुलाची पारख करू नये हे उत्तम.

मैदानावर गोष्ट वेगळी असते. हुतूतू किंवा कबड्डी ह्या खेळास चेंडू लागत नाही, साहित्य लागत नाही, आणि भाषाही फारशी लागत नाही. एका दमात एकच शब्द घोकीत प्रतिपक्षाच्या अंगणात शिरावयाचे, गडी शिवावयाचा आणि दम न सोडता परतावयाचे. वर्गात ज्याचा आवाज कोणी ऐकलेला नाही, त्यास येथे मोठ्याने बोलणे भागच पडते.

मात्र खेळ कोणत्या पद्धतीने खेळवावा, ह्याचा विचार क्वचितच होतो. हुतूतूच्या जुन्या तीन पद्धती आहेत. ‘संजीवनी’त प्रतिपक्षाचा गडी बाद झाला म्हणजे आपला बाद झालेला गडी पुन्हा उठतो, आजच्या स्पर्धा ह्याच तत्त्वावर चालतात. ‘गामिनी’त बाद झालेला गडी आपला सर्व संघ बाद होईपर्यंत बाहेर बसतो. ‘अमर’ पद्धतीत गडी बाद झाला तरी मैदान सोडीत नाही; प्रतिपक्षास केवळ एक गुण मिळतो व खेळ पुढे चालतो.

गामिनीचा परिणाम उघड आहे. जे मूल दुबळे, नवे किंवा बुजरे, ते सर्वांत आधी बाद होते व सर्वांत जास्त वेळ कडेला बसून राहते. वर्गातही बसून राहावयाचे आणि मैदानावरही, अशी त्याची अवस्था होते. सत्राच्या आरंभी म्हणून अमर पद्धतच योग्य होय. तीत प्रत्येक मूल शेवटपर्यंत मैदानात असते. शिवाय गुण मोजीत राहावे लागतात, आणि ते काम आळीपाळीने मुलांकडे सोपविता येते. एक डाव मराठीत मोजावा, पुढचा गोंडीत. गोंडी मोजणीत शिक्षक अडखळला आणि मुलांनी त्यास दुरुस्त केले, तर त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. वर्गातील पुष्कळ संकोच त्या एका हशाने जातो.

मोठ्यांचे मैदान तेरा मीटर लांब व दहा मीटर रुंद असते. लहान मुलांस त्याहून आखूड जागा पुरते, आणि प्रत्येक बाजूस सात गडी असलेच पाहिजेत असेही नाही. पावसाच्या उघाडीत मैदान पाहून खडे, खुंट व मुळ्या काढाव्यात, कडेचे गवत कापून घ्यावे आणि राखेने रेषा आखाव्यात. मऊ माती पडण्यास बरी, पण शेवाळलेली जागा घातक. गड्यास कमरेत किंवा पायास धरावे. त्याचा दम मोडण्यासाठी तोंड दाबणे नियमबाह्य आहे. नखे कापलेली असावीत असाही नियम आहे. एरवी कंटाळवाणी वाटणारी नखांची तपासणी ह्या निमित्ताने मुले एकमेकांचीच करू लागतात.

हा खेळ केवळ खेड्यापुरता आहे, असे पालकांनी म्हटल्यास त्यांस विदर्भातलेच उदाहरण सांगावे. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली, त्यांत कबड्डी होती. पुढे १९९० साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत पुरुषांच्या कबड्डीस आणि २०१० साली ग्वांगझू येथे स्त्रियांच्या कबड्डीस पदकाचे स्थान मिळाले. दोन्ही वेळी सुवर्णपदक भारताकडे आले. तेव्हा मुलींस कडेला उभे करून टाळ्या वाजवावयास लावण्याची प्रथा आता सोडावी.

संघ पहिल्या आठवड्यातच पाडावेत आणि ते हजेरीच्या वहीच्या मागील पानावर लिहून ठेवावेत. रोवणीच्या दिवसांत चार-चार गड्यांवर खेळ चालू ठेवावा. गैरहजर मुलाच्या नावावर रेघ मारू नये. ते परत येईल त्या दिवशी, चुकलेल्या पाठाची चौकशी करण्यापूर्वी, त्यास त्याच्या संघात उभे करावे.