उभयचर विमान आणि मतांचा आधार

विमान आकाशगामी, होडी जलगामी. या दोहोंचे धर्म ज्या यंत्रात एकत्र येतात, जे धावपट्टीवर उतरते आणि जलाशयावरही उतरते, त्यास उभयचर विमान म्हणतात. ‘उभयचर’ हा शब्द मराठी वाचकास प्राणिशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांतून परिचित आहे. तेथे तो बेडकासारख्या प्राण्यांचा वर्ग दर्शवितो. यंत्रास तो लावला की जुना ग्रहही त्यामागून येतो : जे दोन्हीकडे वावरते ते कोठेच पुरते नसते. नव्या धाटणीच्या हलक्या उभयचर विमानाविषयी पहिले मत बहुधा असे नावावरून आणि रूपावरून बनते. अशी मते कोणत्या आधारावर उभी असतात आणि मराठी भाषा तो आधार कसा व्यक्त करते, याचा विचार येथे केला आहे.

प्रथम यंत्राचे स्वरूप पाहिले पाहिजे. पाण्याची घनता हवेच्या सुमारे आठशे पट असते. साहजिकच पाण्यावरून वेग घेताना विमानास मोठा विरोध होतो. तो तोडण्यासाठी तळाला एक आडवी पायरी ठेवतात. वेग वाढला की पायरीमागचा भाग पाण्यापासून सुटतो आणि विमान पृष्ठभागावरून घसरू लागते. पुष्कळ लहान उभयचरांत तुषारांपासून पंखा दूर राहावा म्हणून इंजिन उंचावर बसवितात. परंतु त्यामुळे शक्ती वाढविताच विमानाचे नाक खाली झुकू पाहते, आणि शक्ती एकाएकी गेली तर ते वर उचलते. नेहमीच्या विमानावर शिकलेल्या वैमानिकास ही सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते. शिवाय चाके बाहेर ठेवून पाण्यावर उतरल्यास विमान उलथण्याचा धोका असतो. सारांश, विचित्र दिसणाऱ्या पुष्कळ गोष्टींमागे कारण असते, आणि सोयीच्या दिसणाऱ्या पुष्कळ गोष्टींस किंमत असते. केवळ पाहून यांतले काहीच कळत नाही.

अमेरिकेतील ‘आयकॉन ए-५’ या दोन आसनी उभयचराचे उदाहरण बोधप्रद आहे. त्याचे पहिले उड्डाण २००८ साली झाले. त्याचे पंख दुमडता येतात. तोल जाऊन गरगरत खाली येण्याच्या प्रवृत्तीस ते प्रतिकार करते, हा त्याचा विशेष गुण. या गुणासाठी वजन वाढणे अटळ होते. पाण्यावर उतरणाऱ्या हलक्या क्रीडाविमानांना तेव्हा तेथे ६५० किलोग्रॅमची मर्यादा होती. २०१३ साली तीतून या विमानास सूट देण्यात आली. यावर मते दुभंगली. एक पक्ष म्हणे की विमान सुरक्षित आहे. दुसरा म्हणे की ते जड आणि महाग खेळणे आहे. २०१७ साली त्याचे दोन प्राणघातक अपघात झाले. फार कमी उंचीवरून केलेले उड्डाण ही बाब दोन्ही तपासांत ठळकपणे पुढे आली. रचनेचा गुण खोटा ठरला नाही. परंतु ‘रचना सुरक्षित’ या विधानातून ‘उड्डाण सुरक्षित’ हे विधान निघत नाही, एवढे स्पष्ट झाले.

आता भाषेकडे वळू. पुढील पाच वाक्ये पाहावीत : ‘विमान पाण्यावर उतरेल’, ‘विमान पाण्यावर उतरावे’, ‘विमान पाण्यावर उतरलेले दिसते’, ‘विमान पाण्यावर उतरले’, ‘विमान पाण्यावर उतरले म्हणे’. घटना एकच, परंतु बोलणाऱ्याचा आधार प्रत्येक वाक्यात निराळा. पहिल्यात भाकीत आहे, दुसऱ्यात गणितावर वा साम्यावर आधारलेली अपेक्षा, तिसऱ्यात खुणांवरून काढलेले अनुमान. चौथ्यात घटनेची हमी आहे. पाचव्यात मात्र बोलणारा ऐकीव वार्ता पुढे सरकवितो आणि तिची जबाबदारी स्वीकारीत नाही. हे ‘म्हणे’ मूळचे क्रियापद असले तरी येथे ते लिंग, वचन, पुरुष यांनुसार बदलत नाही. त्याचे अव्यय झाले आहे. तुर्की भाषेत ऐकीव वा अनुमित घटना सांगताना क्रियापदास तसा प्रत्यय लागतो. मराठीत ‘म्हणे’ ऐच्छिक आहे. ते गाळले तरी वाक्य शुद्धच राहते. मतांच्या प्रवासातील धोक्याचे स्थान हेच होय.

२०२० साली धुळ्याच्या विमानतळावर कॅप्टन अमोल यादव यांच्या विमानाच्या उड्डाणचाचण्या झाल्या. हे विमान उभयचर नव्हे; तथापि मुंबईत कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर बांधले गेल्यामुळे रूढ कल्पनेस तेही तितकेच परके होते. २०१६ साली मुंबईत ते प्रदर्शनात मांडले गेले तेव्हा त्याविषयी ‘उडेल’ किंवा ‘उडणार नाही’ एवढेच म्हणणे शक्य होते. चाचणीच्या दिवशी धावपट्टीपाशी उभा असलेला मनुष्य ‘उडाले’ म्हणू शकला. तेथून सुमारे शंभर किलोमीटर पूर्वेस, जळगावजवळच्या असोदा गावी बसलेल्याने तीच वार्ता ‘उडाले म्हणे’ अशी सांगणे प्रामाणिकपणाचे. बहिणाबाई चौधरींच्या या जन्मगावच्या बोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ येतो व ‘म्हने’ असा उच्चार होतो, कार्य तेच. दोघांची वाक्ये खरी, पण दोघांची हमी सारखी नाही.

हा भेद विसरला गेला म्हणजे काय घडते, हे गिरगाव चौपाटीने दाखविले आहे. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली तेथे विमान उडविल्याची कथा प्रसिद्ध आहे. तिला समकालीन विश्वसनीय नोंदीचा आधार नाही. तरी ‘उडविले म्हणे’ मधील शेवटचा शब्द पुनरुक्तीत गळत गेला आणि ‘उडविले’ उरले. त्याच चौपाटीवर ९ डिसेंबर २०१७ रोजी स्पाइसजेटने उभयचर विमानाची चाचणी घेतली. ती अनेकांनी पाहिली. तेथे ‘उतरले’ हे रूप यथार्थ आहे. परंतु त्यावरून ‘आता नित्य उतरेल’ असे म्हणता येत नाही. साबरमती ते केवडिया ही जलविमानसेवा ३१ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाली आणि २०२१ साली खंडित झाली. एकदा उतरणे वेगळे, सेवा चालणे वेगळे.

नव्या रचनेवर अन्याय दोन्ही बाजूंनी होतो. भाकितास अनुभवाचे रूप देणारा स्तुतिपाठक वैमानिकाचा जीव धोक्यात घालतो. ग्रहास निर्णयाचे रूप देणारा टीकाकार यंत्र पाण्यास लागण्यापूर्वीच बुडवितो. तंत्राचा निर्णय चाचणीने होईल. तोवर ‘उतरेल’, ‘उतरावे’ आणि ‘उतरले म्हणे’ ही रूपे आपापल्या जागी राखणे हे भाषा वापरणाऱ्याचे काम आहे. मराठीस ही साधने उपलब्ध आहेत. ती वापरणे मात्र व्याकरणाने सक्तीचे केलेले नाही, आणि म्हणून ते वक्त्याच्या विवेकावर अवलंबून आहे.